टेकडीवरचे कागद

१२ फेब्रुवारी १९८६, केलियान लामा

आमच्या चिनी नव्या वर्षाचा चौथा दिवस. मिन कोंग सकाळच्या बसने सिंगापूरला परत गेला. जाताना त्याने कपाटातून आपली शाळेची एक कोरी राहिलेली वही काढली आणि म्हणाला, "आ-मे, दिवसभर स्वतःशी बडबडतेस. त्यापेक्षा लिहीत जा."

मी म्हटलं, "स्वतःशी नाही, तुझ्या बापाशी बोलते."

तो हसला नाही. बॅग उचलून बाहेर जाऊन उभा राहिला. गोदीत काम करून त्याचे खांदे त्याच्या बापासारखे झाले आहेत.

आता लिहायचं काय? कथिलाचा भाव पडल्यापासून खाणींचे पंप बंद आहेत. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून त्या आवाजात झोपले. आता आवाज नाही तर जाग येते. गावात तरुण माणूस शोधावा लागतो.

संध्याकाळी फूनच्या दुकानात कॉफी प्यायला गेले. तिथे कोणीतरी म्हणत होतं की टेकडी जाणार. टेकडी म्हणजे आमची थडग्यांची टेकडी. मी म्हटलं, टेकडी काय बस आहे जायला? फून म्हणाली, "खिम-सो, तुम्ही हसताय, पण यप मास्तर स्वतः सांगत होते." खिम माझ्या नवऱ्याचं नाव. सात वर्षं झाली त्याला जाऊन, तरी गावात मी अजून खिमचीच बायको आहे. बरं वाटतं.

१७ फेब्रुवारी

देवळाच्या भिंतीवर नोटीस लागली. दोनदा वाचली. मला वाचायला कोणी शिकवलं नाही. नवरा थडग्यांच्या शिळा घडवायचा, मी कोरलेल्या अक्षरांत रंग भरायचे. अक्षर कोणतं ते त्यालाही कळायचं नाही, तो आकार पाहून कोरायचा. मग मी थडग्यावर येणाऱ्या माणसांना विचारायचे, हे काय, ते काय. मेलेल्याच्या नावाचं अक्षर सांगायला कोणी नाही म्हणत नाही. आधी आडनावं आली, मग गावांची नावं, मग महिने. वर्तमानपत्र मी नंतर वाचलं. त्यामुळे छापलेलं काहीही वाचताना मला वाटतं कोणीतरी मेलं आहे.

नोटिशीत असं आहे: टेकडी नव्या रस्त्यासाठी आणि घरांसाठी दिली आहे. ज्या थडग्यांना घरचं माणूस आहे त्यांनी आपल्या चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याच्या अखेरीपर्यंत आपापल्या पूर्वजांची हाडं उचलून न्यावीत. ज्यांना कोणी नाही त्यांची हाडं टेकडीचा संघ स्वतः उचलेल, शहराबाहेरच्या नव्या जागेत एका मोठ्या थडग्यात ठेवेल आणि वर्षातून दोनदा त्यांची पूजा करेल. येत्या चिंगमिंगला, म्हणजे थडगी झाडून पूर्वजांना पूजायच्या दिवशी, ज्या थडग्यावर घरच्यांनी पिवळा कागद ठेवलेला नसेल ते बेवारस धरलं जाईल.

बेवारस हा शब्द डोळ्यात गेला तो निघत नाही.

यप मास्तर संघाचे सचिव. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हेच करतात. मी त्यांना रस्त्यातच गाठलं.

"मास्तर, टेकडी विकली?"

"मी कोण विकणारा? आमच्या संघाच्या अध्यक्षांनी, चिया शेठनी सरकारला सांगितलं, वर आता कोणी येत नाही, अर्ध्याहून जास्त थडगी बेवारस, ओसाड जागा आहे."

"ओसाड? मी दर आठवड्याला जाते."

"तुम्ही एकट्या जाता, खिम-सो."

"मग एक माणूस गेला तरी ओसाड?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "मोठं थडगं चांगलं होईल. मी स्वतः बघतोय. मोठी जागा मागितली आहे मी. सगळे एकत्र, वर शेड, पूजा. आता त्यांना काय मिळतंय? लालांग गवत."

मला ते ऐकवेना. शंभर गावांची माणसं एका खड्ड्यात ओतायची, कांजीत उरलंसुरलं टाकतात तशी.

२ मार्च

मिन कोंगचा फोन फूनच्या दुकानात आला. त्याला नोटिशीचं कळलं होतं. तो म्हणाला, "मी बाबांसाठी इपोहच्या अस्थिमंदिरात जागा घेतली. जोडजागा. दोन कप्पे शेजारी शेजारी. पाट्याही कोरायला टाकल्या."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

खरं आहे. मी म्हटलं, कशाला घाई, टेकडी जाणार नाही. तो मग म्हणाला, "बरं, आ-मे." लहानपणी औषध घेताना असंच बरं म्हणायचा आणि नंतर खिडकीतून थुंकायचा.

९ मार्च

चिंगमिंगच्या आधीचा महिना माझ्या कामाचा. लोक येण्यापूर्वी अक्षरं ताजी करायची असतात. पूर्वी नवरा आणि मी मिळून करायचो. मेलेल्यांची नावं हिरवी, जिवंतांची लाल. नवरा आधी गेला तर शिळेवर बायकोचंही नाव कोरून ठेवतात आणि त्यात लाल रंग भरतात. ती गेली की लाल खरवडून हिरवा. माझं नाव सात वर्षं लाल आहे. दर वर्षी मीच भरते. इतरांचं भरताना हात स्थिर असतो, तिथे थोडा हलतो.

गावातली सगळ्यात जुनी माणसं टेकडीच्या खालच्या अंगाला आहेत. पहिले खाणवाले. इथे जंगल होतं तेव्हा ते नदीने वर आले. तापाने मेले, पाय सुजून मेले, खाणीचा कडा कोसळून मेले. त्यांना इथे कायमचं ठेवायचंच नव्हतं. पाच-सात वर्षांनी हाडं काढायची, धुवायची, मडक्यात बसवायची आणि कोणी मायदेशी निघालं की त्याच्याबरोबर गावी पाठवायची, असा बेत असायचा. मडकं नेणारा माणूसच आधी मरायचा. मग त्याच्यासाठी दुसरा. असं करत करत सगळे राहिले. माझ्या सासऱ्यांनी हे सांगितलं. त्यांना त्यांच्या काकांनी. ते काकाही तिथेच आहेत, कुठे ते माहीत नाही.

त्यांच्या शिळा म्हणजे नदीतले दगड. काहींवर नुसतं आडनाव, काहींवर नुसतं गाव. आमच्या ह्यांच्या शेजारी एक आहे त्यावर फक्त 'हुईचौचा' एवढंच कोरलं आहे. हुईचौ कुठे आहे ते मला ठाऊक नाही, पण त्या दोन अक्षरांतला रंग मी वीस वेळा तरी भरला असेल. कोणी सांगितलं नाही. आमच्यातून उरलेला रंग असायचा.

२३ मार्च

ठरवलं.

चिया शेठ म्हणतात ओसाड आहे. मग टेकडीवर सगळीकडे कागद दिसले तर कोणत्या तोंडाने म्हणतील? बेवारसच कोणी नसेल तर संघ काय उचलणार? आणि घरवाले असलेल्या इतक्या थडग्यांवर सरकारही हात टाकणार नाही. मलय लोकही मेलेल्यांना भितात, सरकार काय वेगळं आहे.

आपल्या हाक्का माणसांचा कागद नुसता दगडाखाली दाबलेला नसतो, त्यावर कोंबड्याच्या रक्ताचा थेंब लागतो. नाहीतर वाऱ्याने उडालेला कागद म्हणून कोणीही हसेल. माझा लाल कोंबडा म्हातारा झालाच होता. मागच्या अंगणात मीच कापला. रक्त बशीत घेतलं. पिवळे कागद चौकोनी कापून एकेकाच्या कोपऱ्यावर बोट टेकवत गेले. एका कोंबड्यात किती रक्त असतं! कागद संपले, रक्त उरलं. संध्याकाळी आणखी कागद आणले.

३० मार्च

रोज सकाळी ब्रश आणि रंगाचे डबे घेऊन वर जाते. कोणी पाहिलं तर काय, मी दर वर्षीच जाते. डब्यांखाली कागद. गवत बाजूला करायचं, शिळा शोधायची, वरच्या कडेला कागद, त्यावर दगड. मडकी आहेत तिथे मडक्याच्या झाकणावर. काही शिळा इतक्या खचल्या आहेत की हाताने चाचपून सापडतात. गुडघे सुजले. तरी बरं वाटतं आहे. मागे वळून पाहिलं की पिवळं पिवळं दिसतं. घरोघरी दिवे लागावेत तसं.

प्रत्येकाला म्हणते, तुमचं कोणीतरी आलं होतं बरं का.

५ एप्रिल, चिंगमिंग

लोक आले. दर वर्षीपेक्षा जास्तच, कारण सगळ्यांना वाटतं ही शेवटची वेळ. डुकराचं भाजलेलं मांस, उकडलेला कोंबडा, दारूचे छोटे पेले, मुलं, छत्र्या. फून म्हणाली, "अगं बाई, खालच्या अंगाला बघा! त्यांचेही लोक आले? इतके दिवस कुठे मेले होते?" मी म्हटलं, माणसाला लाज उशिरा येते.

मी ह्यांच्यासमोर बसले. माझ्या लाल नावावर कोणाच्या तरी मुलाने संत्र्याची साल ठेवली होती. काढली नाही.

१० एप्रिल

यप मास्तर चुन्याची बादली घेऊन टेकडीवर फिरले. बेवारस थडग्यांवर चुन्याची रेघ मारायची होती. मी बाजारातून येत होते तेव्हा ते खाली उतरत होते. बादली जवळजवळ भरलेली.

"काय मास्तर, चुना संपला नाही?"

"नाही ना." माझ्याकडे पाहिलं. "फक्त कड्याजवळची दहा-बारा राहिली, जिथे चढताच येत नाही. केलियान लामाचे लोक इतके भाविक असतील असं वाटलं नव्हतं."

"आता मोठं थडगं कशाला लागतं मग?"

ते चालू लागले. चार पावलं जाऊन वळले. "खिम-सो, तुमचा तो लाल कोंबडा हल्ली आरवत नाही. पहाटे उठायला उशीर होतो मला."

"म्हातारा झाला होता. खाल्ला."

"हं," म्हणाले. बिचारे. त्यांना काही कळलेलं नाही.

१८ मे

संघाची सभा झाली. चिया शेठ खूश आहेत म्हणे. बेवारस इतके कमी निघाले की मोठ्या थडग्याची जागा कमी करून टाकली. शेड वगैरे काही नाही. मास्तर सभेत काही तरी बोलले, कोणी ऐकलं नाही. फूनला हे सगळं कळतं, कारण ते सगळे सभेनंतर तिच्याकडेच खायला येतात.

मला वाटतं आता पुढचं पाऊल टेकडी सोडून देण्याचं असेल. काही तरी बोलायचं म्हणून त्यांनी जागा कमी केली. माणूस एकदम मागे येत नाही, आधी एक पाय मागे घेतो.

६ जुलै

मोठं थडगं बंद केलं. पंचांग पाहून दिवस काढला होता. भिक्षुणी आल्या, मंत्र झाले, तोंड सिमेंटने लिंपलं. कड्याजवळची दहा-बारा माणसं आत. मी बसने गेले होते. मोठं म्हणतात पण माझ्या स्वयंपाकघराएवढंही नाही. मास्तर शेवटपर्यंत उभे होते, सगळे बसमध्ये बसले तरी. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

बसमध्ये मी म्हटलं, "मास्तर, झालं एकदाचं."

"झालं," म्हणाले.

माझ्याशी धड बोलत नाहीत. त्यांचं मोठं थडगं छोटं झालं म्हणून रागावले असतील.

२० ऑगस्ट, सातव्या महिन्याची पौर्णिमा

आज भुकेल्या आत्म्यांची पूजा. रस्त्याच्या कडेला भात, उदबत्त्या, कागदी पैसे. ज्यांचं कोणी नाही त्यांच्यासाठी. मी टेकडीच्या पायथ्याशी एक थाळी ठेवली आणि फूनकडे गेले.

तिथे ठेकेदाराचा माणूस नूडल्स खात होता. पिनांगचा. फूनने विचारलं, बुलडोझर कधी येणार. तो म्हणाला, आपल्या दहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी. फून म्हणाली, "आणि वर इतके लोक आहेत त्यांचं काय?"

"ज्यांचे असतील ते नेतील की. नोटीस लावली आहे ना."

"आणि नाही नेलं तर?"

त्याने खांदे उडवले. "कागद ठेवणारे घरचे लोक आहेत. दुसऱ्याच्या पूर्वजाच्या हाडांना आम्ही हात लावत नाही, संघही लावत नाही. नाही नेलं म्हणजे घरच्यांनी सोडून दिलं. माती सपाट करायची."

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला. ठेवला एवढं आठवतं.

घरी येऊन बसले आहे. नोटिशीत हेच लिहिलं होतं. मी दोनदा वाचलं होतं. ज्यांना कोणी नाही त्यांना संघ उचलणार होता. मी प्रत्येकाला कोणीतरी दिलं.

२१ ऑगस्ट

सकाळीच मास्तरांकडे गेले. ते केस कापून घेत होते, अंगणात, सून कापत होती. मी तिच्यादेखतच सांगितलं. कागद मी ठेवले. खालच्या अंगाचे सगळे. ते सगळे बेवारस आहेत. माझं ऐका, आजच चुना घ्या.

सुनेची कात्री थांबली. मास्तर म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सगळ्या कागदांवर बोटाचा ठसा एकाच बाजूला. रक्त सगळ्यांवर एकाच दिवशी वाळलेलं. आणि तुमचा कोंबडा."

"मग बोलला का नाहीत?"

गळ्याभोवतीचं फडकं त्यांनी काढलं नाही. अर्ध्या कापलेल्या केसांनी बसून होते. "मला वाटलं तुमचंच बरोबर ठरेल. वाटलं, शेठला लाज वाटेल. मीही तिथेच वाढलोय, खिम-सो. माझे आजोबा कुठे आहेत ते मलाही माहीत नाही. त्यांच्यावरही तुम्हीच ठेवला असेल."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं.

"आता उघडा ते थडगं," मी म्हटलं.

"लिंपलेलं थडगं उघडत नाहीत. पंचांगात दिवस काढून बंद केलंय. उघडलं तर कोणाच्या घरात कोण जाईल ते सांगता येत नाही. एक माणूस तयार होणार नाही." मग म्हणाले, "तरी मी सभा बोलावतो."

३१ ऑगस्ट

सभा झाली. मला आत बोलावलं. चिया शेठनी मला बसायला खुर्ची दिली, चहा दिला. त्यांच्या आईचं नाव मी रंगवलं आहे. त्यांचा आवाज चढला नाही.

"खिम-सो, तुमचं मन चांगलं आहे. पण समजा संघाने आज उचललं आणि उद्या कोणाचा नातू उभा राहिला, माझा पणजोबा कुठे म्हणाला, तर? कागद आहे. कोणी ठेवला ते कागद सांगत नाही."

"मी सांगते ना. मी ठेवला."

"मग चांगलंच आहे," ते म्हणाले. "ज्याने कागद ठेवला ते घरचं माणूस. हीच आपली रीत आहे, वाडवडलांपासून. तुम्ही उचला."

कोणीतरी हसलं. मास्तर म्हणाले, "शेठ, असं बोलू नका." पण शेठ थट्टा करत नव्हते. मला वाटतं त्यांना खरंच तसं वाटत होतं. आणि रीत तीच आहे.

९ सप्टेंबर

हाडं उचलणारे लाय-पाक ऐंशीच्या घरात. त्यांच्याकडे गेले. ते पडवीत पंखा घेत बसले होते.

"तुझ्या माणसाचं काढायचं ना? मुलगा बोललाय माझ्याशी."

"त्याच्याबरोबर आणखी आहेत."

ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी पैसे घेणार नाही. जितकं अंग चालेल तितके काढेन. पण बसवायचे कुठे? कप्प्याची पावती दाखवल्याशिवाय सरकार खणू देत नाही. मडकी काय तुझ्या पलंगाखाली ठेवणार?"

"ठेवीन."

"वेडी आहेस का? जिवंत माणसाच्या घरात?" पंखा थांबला. "तुझ्याकडे जागा किती आहेत?"

मी म्हटलं, एकही नाही. रस्त्यात येताना लक्षात आलं की हे खरं नाही.

१७ सप्टेंबर

देवळात गेले. अस्थिमंदिरांच्या लोकांना पत्रं लिहिली. दोन ठिकाणांहून उत्तर आलं, नाव आणि नातं कळवा. नाव नाही. नातं काय लिहू?

टेकडीवर जात नाही. एकदा अर्ध्या वाटेपर्यंत गेले. वर पिवळं दिसेना. पावसात कागद कुजले असणार. दगड मात्र असतील, मी ठेवलेले.

२८ सप्टेंबर

अकरा दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं एकच आहे आणि ते मी स्वतःला सांगत नव्हते. मला ह्यांच्याशेजारी निजायचं आहे. सात वर्षं मी त्याच एका गोष्टीवर काढली. ताप आला, म्हटलं जागा आहे. मुलगा दूर गेला, म्हटलं जागा आहे. आता इपोहच्या कप्प्यातली ती एकच जागा आहे आणि वर ती सगळी माणसं.

एकाने काय होणार? काही होणार नाही.

११ ऑक्टोबर

मिन कोंग आला. पहाटेच लाय-पाक, तो आणि मी वर गेलो. यप मास्तर पायथ्याशी छत्री घेऊन उभे होते, न बोलावता. म्हणाले, हाडांवर ऊन पडू नये म्हणून छत्री लागते, मी धरतो.

लाय-पाक ह्यांना हाक मारून म्हणाले, "तेत खिम, उठा, घर बदलायचंय. मुलगा आलाय, बायको आलीय." मग खणलं. मी पाहणार नव्हते पण पाहिलं. हाडं चहाच्या रंगाची झाली होती. तांदळाच्या दारूने धुतली. पाय आधी, मग मांड्या, मग कंबर, शेवटी डोकं, माणूस उकिडवा बसतो तसं मडक्यात बसवलं. एक दात मातीत पडला तो मिन कोंगने शोधून दिला. समोरचा दात, त्यावर छिन्नीचा टवका उडालेला. नवरा त्या दाताने दोरा तोडायचा.

मग मी म्हटलं, "आणखी एक काढायचाय."

मिन कोंग म्हणाला, "कोण?"

मी हुईचौच्या दगडाकडे बोट केलं. "माझ्या जागेत."

"आ-मे, काही तरी बोलू नकोस. ती तुझी जागा आहे. तुझ्यासाठी घेतली आहे."

"माहीत आहे."

"मग तू कुठे जाणार?"

"ते तू बघ. मी नसेन बघायला."

"लाय-पाक, सांगा ना तिला!" तो रडकुंडीला आला होता, पस्तीस वर्षांचा बाप्या. लाय-पाक म्हणाले, "मला का विचारतोस? ज्याला न्यायचं त्याला विचार." आणि खिशातून कौलाच्या दोन फाका काढल्या. अर्ध्या चंद्रासारख्या, लाकडी. एक पालथी एक उताणी पडली तर हो.

मी गुडघे टेकले. म्हटलं, तुमचं नाव माहीत नाही, तुमचं कोणी नाही, कागद मी ठेवला होता. येता का? आणि मनात म्हटलं, नाही म्हणा.

हे इथे लिहून ठेवते. मी मनात नाही म्हणा म्हटलं.

फाका पडल्या. एक पालथी, एक उताणी. पहिल्याच फेकीला.

लाय-पाक बराच वेळ खणत होते. मग खड्ड्यात बसून राहिले. "काही नाही," म्हणाले. "शंभर वर्षांत इथल्या मातीने सगळं खाल्लं." तळाशी एक काळा पट्टा होता, माणसाएवढा लांब, बाकीच्या लाल मातीत उठून दिसणारा. आणि एक चिनीमातीचा चमचा. त्यांनी ती काळी माती ओंजळीने मडक्यात भरली, वर चमचा ठेवला. मास्तर दोन्ही मडक्यांवर छत्री धरून उभे होते, स्वतः उन्हात.

मिन कोंग म्हणाला, "मातीसाठी दिलीस."



१३ ऑक्टोबर

मिन कोंग गेला. बसमध्ये चढताना पाया पडला, असं तो कधी करत नाही. म्हणाला, "दुसरी जागा बघतो मी. शेजारची नाही मिळणार."

मी बरं म्हटलं.

२ नोव्हेंबर, दहाव्या महिन्याचा पहिला दिवस

आले.

इथपर्यंत आवाज येतो. पुष्कळसा पंपांसारखाच. फूनने दुकान बंद ठेवलं. यप मास्तर सकाळपासून माझ्या पडवीत येऊन बसले. चहा दिला, तो तसाच थंड झाला. संध्याकाळी आवाज थांबला तेव्हा म्हणाले, "आजोबांचं नाव मला माहीत होतं. मी निदान हाक मारायला हवी होती."

मी म्हटलं, "मास्तर, घरी जा."

मला माणूस नको होता समोर. वाईट वाटलं नंतर.

२२ डिसेंबर

आज वर्षातला सगळ्यात लहान दिवस. सगळीकडे तांदळाच्या पिठाच्या गोळ्या करतात. मी थोड्या केल्या, डब्यात भरून इपोहला गेले. अस्थिमंदिरात मडकी ठेवली त्या दिवशी कप्पे उघडे होते, पाट्या नंतर बसवणार होते. आज पहिल्यांदा बंद पाहिले.

डावीकडे ह्यांचं नाव. चांगलं कोरलं आहे, पण यंत्राने, सगळ्या रेघा सारख्या. उजवीकडे माझं. मिन कोंगने मार्चमध्येच दोन्ही पाट्या कोरायला टाकल्या होत्या, त्या त्यांनी तशाच बसवल्या. माझं नाव, लाल. मागे हुईचौचा.

तिथल्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "आ-पो, नवी पाटी करायची तर त्याचं नाव सांगा."

मी उभी राहिले. पूजेला लोक येत होते, धूर होता. बाहेर पडले, कोपऱ्यावरच्या दुकानातून हिरव्या रंगाची सगळ्यात लहान डबी आणि एक ब्रश घेतला. परत आले. पिशवीत फळं कापायची सुरी होती, तिने लाल खरवडलं. आत माणूस आहे आणि बाहेर लाल, हे चालत नाही. तीन अक्षरं आहेत माझी. सावकाश भरली. ह्या वेळी हात हलला नाही.

ती मुलगी पळत आली, "अहो आ-पो, हे कोणाचं नाव आहे?"

मी म्हटलं, "त्याचं."

गोळ्या दोघांसमोर ठेवल्या. त्याच्यासाठी चमचा आणायचा विसरले, मग आठवलं की त्याच्याकडे आहे. चारची बस मिळाली. घरी येऊन भात टाकला.